झॅबिक्स ६.० वरून ७.० वर: सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस तालुक्याच्या गावी कसा अपग्रेड करायचा

समजा एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय दारव्ह्याला आहे आणि शाखा बोरी अरब, लाडखेड, दिग्रस, आर्णीला. प्रत्येक शाखेत चार-सहा संगणक, एक राउटर, एक यूपीएस, एक पासबुक प्रिंटर. कुठल्या शाखेची लाइन गेली, कुठली डिस्क भरत आली, कुठला राउटर लटकला, हे सगळं मुख्य कार्यालयातला झॅबिक्स सर्व्हर पाहतो. शाखेतल्या एखाद्या जुन्या संगणकावर बसवलेली झॅबिक्स प्रॉक्सी त्याला माहिती पाठवत राहते. शिक्षणसंस्था, सूतगिरण्या, रुग्णालयं यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हीच मांडणी असते. असा सर्व्हर एकदा नीट बसला की वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस अपग्रेड टाळता येत नाही, आणि ते करणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो.

हा लेख त्या एकट्या माणसासाठी आहे. उबुंटू २२.०४ वर झॅबिक्स ६.० आणि पोस्टग्रेस १४ चालू आहेत, तिथून झॅबिक्स ७.० आणि पोस्टग्रेस १६ वर जायचं आहे, असं धरून लिहितो. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजीतच टाइप करायची.

आत्ताच का, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. झॅबिक्स ६.० ची पूर्ण देखभाल फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. त्यानंतर फक्त गंभीर आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही फेब्रुवारी २०२७ पर्यंतच. पोस्टग्रेस १४ ची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. ७.० ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि तिला जून २०२९ पर्यंत आधार आहे. ७.२, ७.४ या मधल्या आवृत्त्या अल्पायुषी असतात. आपल्यासारख्या ठिकाणी दर काही महिन्यांनी अपग्रेड करायला ना माणूस असतो ना वेळ, म्हणून दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून थेट पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जावं, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं मत त्याहून ठाम आहे. डेटाबेस आणि झॅबिक्स एकाच रात्री अपग्रेड करू नका. दोन्ही एकदम बदलले आणि सकाळी काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे शोधण्यात दिवस जातो. आधी डेटाबेस, मग निदान आठवडाभर थांबून झॅबिक्स. हाच क्रम का, ते पुढे येतंच.

आधी वहीत काय लिहायचं

एक साधी वही घ्या. सर्व्हरवरच्या फाइलीत लिहिलं तर सर्व्हर बंद असताना ते वाचता येत नाही. वहीत झॅबिक्सची नेमकी आवृत्ती लिहा, म्हणजे नुसतं ६.० असं नाही, त्यापुढचा तिसरा आकडाही. पोस्टग्रेसची आवृत्ती, पीएचपीची (झॅबिक्सची वेब पानं ज्या भाषेत लिहिली आहेत तिची) आवृत्ती, डेटाबेसचं नाव, त्याचा मालक कोण आणि आकार किती, हे लिहा. आकार पीजी_डेटाबेस_साइझ या फंक्शनने कळतो. डिस्कवर मोकळी जागा किती, तेही लिहा. डेटाबेस ४० जीबीचा असेल तर नव्या पोस्टग्रेसमध्ये त्याची दुसरी प्रत उभी राहणार आणि शिवाय बॅकअपची फाइल असणार, तेवढी जागा हवी. नसेल तर आधी डिस्क आणा. नागपूरहून डिस्क यायला लागणारे दोन दिवस अपग्रेडच्या रात्री उपयोगाचे नसतात.

डेटाबेसमध्ये टाइमस्केल हे पोस्टग्रेसला वरून जोडायचं एक्स्टेन्शन आहे का, हेही आत्ताच पाहून ठेवा. असेल तर खालचा डेटाबेसचा भाग जसाच्या तसा वापरू नका. टाइमस्केलची तीच आवृत्ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पोस्टग्रेसवर असावी लागते आणि डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलीत काढलेली नक्कल, परत चढवण्याची पद्धतही वेगळी आहे.

मग स्वतः बसवलेल्या गोष्टींची यादी करा. एसएमएस किंवा टेलिग्रामवर निरोप पाठवणाऱ्या स्क्रिप्ट, बाहेरून चालणाऱ्या तपासण्या, कुणीतरी कधीतरी लिहिलेली अहवालाची पायथन स्क्रिप्ट. अपग्रेडनंतर सगळ्यात जास्त याच गोष्टी अडतात. झॅबिक्सच्या एपीआयमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट झॅबिक्सशी ज्या वाटेने बोलतात तिथे, लॉगिन करताना पूर्वी 'यूझर' हा शब्द चालायचा. ६.४ पासून तो काढून टाकला आहे, आता 'यूझरनेम' लागतो. ६.० वर जुना शब्द अजून चालतो, त्यामुळे स्क्रिप्ट आज ठणठणीत दिसते आणि ७.० वर गेल्या क्षणी बंद पडते. प्रॉक्सीशी संबंधित एपीआयमध्येही ७.० मध्ये बदल झाले आहेत, प्रॉक्सीचं नाव आता 'होस्ट'ऐवजी 'नेम' या गुणधर्मात येतं. लॉगिनची दुरुस्ती आधीच करून ठेवता येते, कारण 'यूझरनेम' ६.० लाही कळतं.

पीएचपीची काळजी उबुंटू २२.०४ वर नाही. झॅबिक्स ७.० ला किमान पीएचपी ८.० लागतं आणि २२.०४ सोबत ८.१ येतं. उबुंटू २०.०४ वर अडकला असाल तर तिथे पीएचपी ७.४ आहे, म्हणजे आधी ऑपरेटिंग सिस्टिमचाच प्रश्न सोडवावा लागेल. तसं असेल तर नव्या मशिनवर नवी सिस्टिम बसवून डेटाबेस डंप करून तिकडे चढवा. पोस्टग्रेसच्या डेटाची डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवू नका. अक्षरांच्या क्रमवारीचे नियम सिस्टिमच्या लायब्ररीतून येतात. ते बदलले की मजकुरावरचे इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ लागतात, आणि हे लगेच लक्षातही येत नाही.

बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही

पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतात, पोत्यावरच्या छापावर विसंबत नाहीत. बॅकअपचं तसंच आहे. जी फाइल परत चढवून पाहिलेली नाही, तिला बॅकअप म्हणू नये.

पीजी_डंपने कस्टम फॉरमॅटमध्ये पूर्ण डंप घ्या. तो आपोआप दाबून लहान केला जातो आणि परत चढवताना एकाच वेळी अनेक धाग्यांनी चढवता येतो. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड पीजी_डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल फक्त ग्लोबल्सच्या पर्यायासह वेगळं चालवा. त्याशिवाय ईटीसीखालची झॅबिक्सची पूर्ण डिरेक्टरी, वेब सर्व्हरची संरचना, अलर्ट स्क्रिप्टची डिरेक्टरी, आणि प्रॉक्सींशी सांकेतिक जोडणी असेल तर त्या किल्ल्यांच्या फाइली, हे सगळं एका टार फाइलीत बांधा.

आता एक दुसरा, छोटा डंपही घ्या. झॅबिक्सच्या डेटाबेसचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग बहुधा इतिहासाचाच असतो: हिस्टरी, हिस्टरी_यूइंट, हिस्टरी_स्टर, हिस्टरी_टेक्स्ट, हिस्टरी_लॉग, ट्रेंड्स आणि ट्रेंड्स_यूइंट हे तक्ते. पीजी_डंपला या तक्त्यांची रचना घे, पण आतला डेटा वगळ, असं सांगता येतं. असा डंप काही एमबींचा होतो आणि मिनिटांत परत चढतो. होस्ट (ज्यांच्यावर नजर ठेवायची ती यंत्रं), टेम्प्लेट (तपासण्यांचे तयार साचे), ट्रिगर (इशारा कधी द्यायचा याचे नियम), वापरकर्ते, नकाशे, म्हणजे तुमची सगळी मेहनत त्यात असते. अगदी सगळं हातचं गेलं तरी या छोट्या फाइलीवर सकाळी शाखा उघडायच्या आत निरीक्षण पुन्हा उभं राहतं, फक्त जुने आलेख नसतात. हा डंप मी रोज रात्री घ्यायला सांगतो, अपग्रेड असो वा नसो.

दोन्ही फाइली सर्व्हरबाहेर ठेवा. बाहेरच्या डिस्कचा फॉरमॅट फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही, कॉपी मध्येच थांबते. पेनड्राइव्ह आणि जुन्या बाहेरच्या डिस्कवर हे हमखास होतं. एक्सफॅट किंवा ईएक्सटी-४ करून घ्या.

रंगीत तालीम

एखादा जुना संगणक, आठ जीबी रॅम असला तरी चालेल, त्यावर उबुंटू २२.०४ बसवा आणि मोठा डंप तिथे चढवा. चढला तर बॅकअप खरा ठरला. मग त्याच मशिनवर पुढची सगळी कृती एकदा पूर्ण करा, घड्याळ लावून, प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते वहीत लिहीत. तालमीच्या मशिनची डिस्क धीमी असेल तर वेळ जास्त दिसेल, ते चांगलंच आहे. खऱ्या रात्री थोडी सवड मिळते.

एक सावधगिरी मात्र घ्यावीच लागते. झॅबिक्स सर्व्हर सुरू करण्याआधी तालमीच्या मशिनची नेटवर्कची वायर काढा. या प्रतीमध्ये सगळे होस्ट, सगळे फोन नंबर, सगळे निरोप जसेच्या तसे आहेत. वायर लागलेली असेल तर हा दुसरा सर्व्हर शाखांना विचारपूस सुरू करेल आणि व्यवस्थापकांच्या फोनवर रात्री खोटे इशारे जातील. पॅकेजेस त्याआधीच उतरवून ठेवायची.

पॅकेजेस उतरवण्याचं तर खऱ्या सर्व्हरसाठीही लक्षात ठेवा. एपीटीला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडला, फक्त डाउनलोड कर, बसवू नको, असं सांगणारा पर्याय आहे. अपग्रेडच्या आदल्या दिवशी तो वापरून सगळ्या फाइली डिस्कवर आणा. कुठेतरी रस्त्याच्या कामात फायबर तुटली आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम आलं, तरी मग बिघडत नाही. सध्या चालू असलेल्या ६.० च्या डेब फाइलीही (पॅकेजेसच्या फाइली) जपून ठेवा. परत फिरायची वेळ आली तर त्याच लागतील.

दिवस, लाइन आणि कूलर

मार्चअखेर, महिनाअखेर, आठवडी बाजाराचा दिवस आणि पीककर्ज वाटपाचा हंगाम सोडून द्या. दसऱ्यानंतर कापूस आणि सोयाबीनचा पैसा फिरायला लागतो, तेव्हाही नको. मला पोळा ते दसरा हा काळ सगळ्यात बरा वाटतो, पीक शेतात उभं असतं आणि काउंटरवर गर्दी कमी असते. आभाळ गडगडत असेल तर मात्र त्या रात्री बेत रद्द करा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना डिस्कवर तासन्‌तास ताण देऊ नये. त्यातून सर्व्हरच्या खोलीत एसीऐवजी कूलर असेल तर हवेतला ओलावा आणि धूळ सरळ मशिनमध्ये जाते. कूलरचा झोत सर्व्हरवर येणार नाही असा ठेवा आणि अपग्रेडच्या आठवड्यात आतली धूळ एकदा साफ करून घ्या.

यूपीएसची परीक्षा कागदावर करू नका. दिवसा, माणसं जागी असताना, भिंतीवरचा प्लग काढा आणि किती मिनिटं चालतं ते बघा. फक्त सर्व्हर यूपीएसवर असून भागत नाही. स्विच, राउटर आणि फायबरचा डबा हेही त्यावरच हवेत. तालमीत सगळ्यात लांब पायरीला लागलेला वेळ यूपीएसच्या वेळेपेक्षा जास्त निघाला तर त्या रात्रीपुरता मोठा इन्व्हर्टर किंवा जनरेटर मागवा.

काम शक्यतो सर्व्हरसमोर बसून करा. दुरून करावंच लागलं तर टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत करा, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

शाखांतल्या प्रॉक्सी: जी गोष्ट बहुतेकजण विसरतात

मुख्य सर्व्हर बंद असताना प्रॉक्सी माहिती गोळा करत राहते आणि सर्व्हर परत आला की पाठवते. पण ती किती तास साठवायची, हे तिच्या संरचनेतल्या प्रॉक्सीऑफलाइनबफर या आकड्यावर ठरतं आणि तो मुळात फक्त १ तास असतो. अपग्रेडला तीन तास लागले तर पहिल्या दोन तासांची माहिती प्रॉक्सी स्वतःच पुसून टाकते. १ ते ७२० तासांपर्यंत हा आकडा ठेवता येतो. अपग्रेडच्या दोन दिवस आधी तो ७२ करा, प्रॉक्सी पुन्हा सुरू करा आणि तिच्या डिस्कवर तेवढी जागा आहे ना ते पाहा. आपल्याकडे दोन-दोन दिवस नेट जातं, त्यामुळे हा ७२ मी अपग्रेडनंतरही तसाच ठेवतो.

सर्व्हर परत आला की साठलेली माहिती एकदम येते आणि जुन्या घटनांवर ट्रिगर उडतात. म्हणून सगळ्या होस्टसाठी देखभालीचा कालावधी लावून ठेवा, 'माहिती गोळा करत राहा' या प्रकाराचा, अपग्रेडच्या वेळेच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास धरून. निरोपाच्या ॲक्शनमध्ये देखभालीत निरोप थांबवण्याची खूण आहे याची खात्री करा. ॲक्शनच बंद करून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण कालावधी आपोआप संपतो. बंद केलेली ॲक्शन परत चालू करायची राहून गेली तर खरा इशाराही जात नाही.

पहिली रात्र: पोस्टग्रेस १४ ते १६

डेटाबेस आधी घेण्याचं कारण असं की ही पायरी उलटवता येते. जुना डेटाबेस जागेवर शाबूत राहतो. शिवाय डंप-पद्धतीने अपग्रेड करताना प्रत्येक ओळ जुन्यातून वाचून नव्यात लिहिली जाते. कुठे डेटा खराब असेल तर तो इथेच कळतो, आणि वर्षानुवर्षांच्या पुसलेल्या नोंदींची अडलेली जागाही सुटते. झॅबिक्सचा हाउसकीपर जुन्या नोंदी पुसतो, पण पोस्टग्रेसच्या फाइली त्याने लहान होत नाहीत.

त्याआधी झॅबिक्स ६.० ची ताजी किरकोळ आवृत्ती बसवून घ्या. झॅबिक्स सुरू होताना डेटाबेसची आवृत्ती तपासतो आणि ओळखीची नसेल तर सुरूच होत नाही. पोस्टग्रेस १६ सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, त्याआधीच्या ६.० ला ते माहीत नाही. ही तपासणी डावलण्याचा एक पर्याय संरचनेत आहे. तो वापरू नका.

पोस्टग्रेस प्रकल्पाचं स्वतःचं भांडार एपीटीमध्ये जोडा आणि 'पोस्टग्रेएसक्यूएल-१६' असं आकड्यासह पॅकेज बसवा. आकडा न देता नुसतं नाव दिलं तर भांडारातली सगळ्यात नवी आवृत्ती येते, आणि ती झॅबिक्सला चालेलच असं नाही. पॅकेज बसल्यावर १६ चं एक रिकामं क्लस्टर, म्हणजे पोस्टग्रेसचा स्वतंत्र चालणारा संच, आपोआप तयार होतं, ५४३३ या पोर्टवर. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवलं की दोन ओळी दिसतात. हे रिकामं क्लस्टर आधी काढावं लागतं, नाहीतर पुढची कमांड नकार देते. ते काम पीजी_ड्रॉपक्लस्टर करतं. इथे एंटर दाबण्याआधी आकडा मोठ्याने वाचा. १६ च्या जागी १४ टाइप झालं तर तुमचा चालू डेटाबेस पुसला जाईल. सोबत कुणी असेल तर त्यालाही वाचायला लावा.

झॅबिक्स सर्व्हर आणि वेब सर्व्हर बंद करा. त्यानंतरच शेवटचा पूर्ण डंप घ्या. मग पीजी_अपग्रेडक्लस्टर, त्याला १४ आणि मेन हे दोन शब्द द्या, आणि नवी आवृत्ती १६ असं स्पष्ट सांगा. कुठली पद्धत ते सांगितलं नाही तर ते डंप-पद्धतच वापरतं. झटपट होणारी लिंकची पद्धतही आहे, तीत फाइलींची प्रत होत नाही. पण लिंक केलेलं नवं क्लस्टर एकदा सुरू झालं की जुन्याकडे परतता येत नाही. तालुक्याच्या गावी रात्री एकटं असताना दोन तास वाचवण्यासाठी परतीची वाट बंद करू नये.

काम संपलं की नवं क्लस्टर ५४३२ या जुन्याच पोर्टवर येतं, जुनं ५४३३ वर जाऊन बंद राहतं. त्यामुळे झॅबिक्सच्या संरचनेत काहीच बदलावं लागत नाही. संरचनेच्या फाइली नव्या क्लस्टरमध्ये आलेल्या असतात, तरी शेअर्ड बफर्सचा आकडा आणि प्रवेशाचे नियम डोळ्याने पाहून घ्या. मग व्हॅक्यूमडीबी टप्प्याटप्प्याने विश्लेषणाच्या पर्यायासह चालवा. नव्या डेटाबेसला तक्त्यांचा अंदाज नसेल तर साधी पानंही रखडत उघडतात, आणि लोक म्हणतात नवं पोस्टग्रेस धीमं आहे.

कुणी डंप हाताने नव्या डेटाबेसवर चढवत असेल तर एक गोष्ट सांभाळा. पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधला तक्ते ठेवायचा मूळ कप्पा) तक्ते तयार करण्याची मुभा सर्वांना राहिलेली नाही, ती डेटाबेसच्या मालकाला आहे. डेटाबेस तयार करतानाच मालक म्हणून झॅबिक्सचा वापरकर्ता द्या. तक्त्यांची मालकीही त्याचीच हवी. ती पोस्टग्रेस या मुख्य वापरकर्त्याकडे गेली तर आज सगळं चालेल, आणि पुढच्या आठवड्यात झॅबिक्सचं अपग्रेड 'मस्ट बी ओनर ऑफ टेबल' म्हणत पहिल्याच पायरीवर अडेल.

झॅबिक्स सुरू करा, लॉग वाचा, ताजी माहिती येते का बघा. मग आठवडाभर त्याला तसंच चालू द्या.

दुसरी रात्र: झॅबिक्स ७.०

आजची पायरी एकतर्फी आहे. ७.० पहिल्यांदा सुरू झाला की तो डेटाबेसची रचना बदलतो, आणि ती मागे नेण्याची कुठलीही कमांड नाही. परत फिरणं म्हणजे डंप चढवणं. सर्व्हर आभासी मशिनवर असेल तर बंद करून स्नॅपशॉटही घ्या, परतायला तो सगळ्यात जलद. पण तो त्याच डिस्कवर असतो, म्हणून डंपची जागा तो घेत नाही.

सर्व्हर बंद, वेब सर्व्हर बंद, ताजा डंप, त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग झॅबिक्सचं ७.० चं भांडार जोडणारं पॅकेज बसवा, यादी ताजी करा आणि फक्त अपग्रेड करण्याच्या पर्यायासह सर्व्हर, वेबचा भाग आणि एजंट ही तीन पॅकेजेस द्या. बसवताना संरचनेची फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ असं विचारलं जातं. तुमची ठेवा. नवी शेजारी वेगळ्या नावाने पडते, ती दुसऱ्या दिवशी शांतपणे ताडून पाहा. पॅकेज बसता बसताच सर्व्हर सुरू होऊ शकतो, म्हणून डंप या टप्प्याच्या आधीच झालेला हवा.

आता लॉगकडे लक्ष द्या, टेल कमांडने ते चालू ठेवा. आधी सध्याची आणि लागणारी डेटाबेस आवृत्ती दिसते, मग 'स्टार्टिंग ऑटोमॅटिक डेटाबेस अपग्रेड', मग टक्केवारी. टक्के समान गतीने पुढे जात नाहीत. मोठ्या तक्त्याची पायरी आली की आकडा बराच वेळ एका जागी थांबतो. तेव्हा सर्व्हर अडकला असं समजून तो मारू नका. तालमीतल्या वेळा वहीत आहेत, त्या पाहा. पोस्टग्रेस काम करतं आहे की नाही ते पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या दृश्यात दिसतं. 'डेटाबेस अपग्रेड फुली कम्प्लीटेड' ही ओळ आली की मुख्य काम झालं.

मध्येच चूक येऊन थांबला तर चुकीचा संदेश शब्दशः उतरवून घ्या. मालकीचा प्रश्न असेल तर डंप पुन्हा चढवा, मालकी दुरुस्त करा आणि नव्याने सुरुवात करा. अर्धवट बदललेल्या तक्त्यांना हाताने ठिगळं लावू नका. ती आज लागतील, पण पुढच्या अपग्रेडला काय समोर येईल ते सांगता येत नाही.

परत फिरण्याची वेळही आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. डंप चढायला तालमीत दोन तास लागले असतील आणि शाखा सकाळी दहाला उघडत असतील तर पहाटे पाचनंतर नव्याच्या मागे लागायचं नाही. डेटाबेस काढा, मालकासह नवा तयार करा, पीजी_रिस्टोअर चार धाग्यांनी चालवा, जपून ठेवलेल्या ६.० च्या डेब फाइली बसवा. मध्यरात्री थकलेला माणूस 'अजून एकदा बघतो' म्हणत सहा वाजवतो, म्हणून ही वेळ दिवसा ठरलेली असावी.

सगळं नीट झालं असेल तर वेब सर्व्हर सुरू करा. पान विस्कटलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ब्राउझरची जुनी साठवण असते, कंट्रोल-एफ-५ दाबा. सर्व्हर चालू आहे असं व्यवस्था-माहितीच्या पानावर दिसतं का, रांग वाढते आहे की ओसरते आहे, असमर्थित आयटमची (ज्यांची माहिती घेता येत नाही अशा तपासण्यांची) संख्या आधीइतकीच आहे का, हे पाहा. हा शेवटचा आकडा आधी वहीत लिहिलेला असावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? एक खरा एसएमएस स्वतःच्या फोनवर पाठवून बघा. टेम्प्लेट आपोआप नवे होत नाहीत, जुनेच चालू राहतात. ते बदलायची घाई नको, हवे तेव्हा एकेक आणा.

मग प्रॉक्सी, घाई न करता

७.० चा सर्व्हर ६.० च्या प्रॉक्सीला जुनी म्हणून चालवून घेतो. तिची माहिती स्वीकारतो, पण तिला नवी संरचना देत नाही. म्हणजे या काळात एखाद्या शाखेत नवा संगणक जोडला तरी त्या प्रॉक्सीला तो कळणार नाही. शाखाधिकाऱ्यांना तेवढं आधीच सांगून ठेवा.

ही सवलत उपयोगाची आहे, कारण त्यामुळे त्या रात्री कुठल्याही शाखेत जावं लागत नाही. आणखी एक कारण आहे. प्रॉक्सी एसक्यूलाइटवर असेल तर तिच्या अपग्रेडमध्ये साठलेली माहिती टिकत नाही, डेटाबेसची फाइल नव्याने तयार होते. म्हणून आधी साठा सर्व्हरकडे पूर्ण येऊ द्या, ताजी माहिती मिनिटभराच्या आतली दिसू लागू द्या, आणि मगच प्रॉक्सीला हात लावा. पहिली प्रॉक्सी जवळच्या शाखेची निवडा, जिथे गरज पडली तर गाडीने जाता येईल. दारव्ह्याहून लाडखेड किंवा बोरी आधी, आर्णी शेवटी. एक झाली की एक दिवस बघा, मग पुढची.

शाखांतल्या संगणकांवरचे जुने एजंट ७.० सोबत चालतात. ते सवडीने करा, छपाईयंत्राच्या दुरुस्तीसाठी जाणं होईलच तेव्हा.

राहिलेली कामं दोन. मूळ स्थापना ६.० च्या आधीची असेल तर इतिहासाच्या तक्त्यांना प्राथमिक किल्ली नसते. ती बसवण्याची तयार स्क्रिप्ट झॅबिक्ससोबत येते, पण त्यासाठी पुन्हा दुप्पट जागा आणि एक वेगळी रात्र लागते, पुढच्या हंगामात केली तरी चालेल. आणि १४ चं जुनं क्लस्टर: झॅबिक्स ७.० वर एक पूर्ण महिनाअखेर निघाली की ते पीजी_ड्रॉपक्लस्टरने काढून जागा मोकळी करा. या वेळी टाइप करायचा आकडा १४ आहे, तोही मोठ्याने वाचूनच. वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या तारखा लिहून ठेवा: पोस्टग्रेस १६, नोव्हेंबर २०२८, झॅबिक्स ७.०, जून २०२९.